घोलपांच्या पाच बाटल्या

घोलपांच्या घरामागं विहीर होती. तिचं पाणी मुरबाडात नावाजलेलं. वैशाखात आसपासच्या आळ्यांतल्या बायका कळशा घेऊन तिथं येत आणि घोलप स्वतः त्यांना पोहरा ओढून देत. पण दर वर्षी श्रावणात, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, हेच घोलप पहिल्या एस.टी.नं वीस मैल जात, पुढं तीन-चार कोस चिखल तुडवत आणि संध्याकाळी पाच बाटल्या पाणी घेऊन परत येत.

बाटल्या दवाखान्यातल्या असत. त्या वेळी मिक्स्चर देत तशा, बुचाच्या, कडेला डोसांची दातेरी कागदी पट्टी चिकटवलेल्या. पट्टी घोलप मुद्दाम ठेवत. पाणी बरोबर सहाव्या डोसापर्यंत भरायचं, तेवढ्यात एक कप चहा होतो, असं त्यांचं माप होतं. तळाला पांढऱ्या रंगाचे ठिपके काढलेले. पहिल्या बाटलीला एक, पाचवीला पाच. परतीच्या गाडीत ही पिशवी ते मांडीवर घेऊन बसत. शेजारच्या एखाद्या म्हातारीनं "गंगा का वो?" म्हणून हात जोडले, की गंभीरपणे सांगत, "नाय आजी. चहाचं पानी हाय."

म्हातारी जोडलेले हात तसेच ठेवी.

घोलप जाऊन आता वर्ष होईल. त्या बाटल्या माझ्याकडं आहेत. पुस्तकांच्या फळीवर, शब्दकोशाच्या शेजारी. त्या कुणाला दाखवाव्यात तर आधी सगळं सांगावं लागतं, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी मुरबाडच्या हायस्कुलात मास्तर म्हणून आलो तेव्हा त्यांच्या घराची एक खोली मला भाड्यानं मिळाली. मधे कुडाची भिंत. पलीकडं घोलप खोकले तर मला ऐकू येई, आणि माझ्याकडचं पान उलटलेलं त्यांना. "मास्तर, आज लई पानं झाली," असं ते भिंतीपलीकडून म्हणत. मला माणसांत फार मिसळता येत नाही. पहिल्याच पावसाळ्यात ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रविवारी सहलीला चला." मी पुस्तक वर करून दाखवलं. ते म्हणाले, "त्याच्यात ओलं होता येतं का?"

मी पुस्तक मिटलं आणि गेलो.

तरुणपणी घोलप एका चहाच्या कंपनीत होते. आजच्या वाचकाला खरं वाटणार नाही, पण आमच्या बाजूच्या खेड्यांत त्या काळी चहा माहीत नव्हता आणि तो लोकांना शिकवायला कंपनी माणसं ठेवी. शहापूर, किन्हवली, टोकावडे, मुरबाड, जिथं बाजार तिथं घोलप. एक पितळी स्टोव्ह, एक किटली, कपांची पेटी आणि कर्णा असलेला ग्रामोफोन. गाणं लावायचं, माणसं जमली की चहा करून दाखवायचा, फुकट पाजायचा आणि जाताना पत्तीची एकेक पुडी हातात द्यायची. चहा कसा करावा हे ते तालावर सांगत. "उकळी आली की पत्ती, पत्तीवर झाकन, झाकनावर टॉवेल, टॉवेलवर हात नाय." हे वाक्य त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की पुढं नोकरी सुटल्यावरही चहा करताना ते पुटपुटल्याशिवाय त्यांना पत्ती टाकता येत नसे.

कंपनीनं एकदा त्यांना महिनाभर दक्षिणेकडच्या चहाच्या मळ्यावर शिकायला पाठवलं होतं. तो महिना त्यांनी आयुष्यभर पुरवला. "मळ्यावर" या शब्दानं त्यांची निम्मी वाक्यं सुरू होत. मळ्यावर डोंगर हिरवे. मळ्यावर ढग घरात येतात. मळ्यावर साहेब चहा चाखतो आणि नुसत्या चवीवरून सांगतो की पत्ती कुठल्या उताराची आणि पाणी कुठल्या झऱ्याचं. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "पानी बदललं की चहा बदलतो," हे त्यांचं आवडतं सूत्र. आणि मुरबाडच्या पुढं गाडी निघाली, सह्याद्रीचा कडा दिसू लागला, की खिडकीतून बोट दाखवून म्हणत, "हा चहाचाच मुलूख हाय मास्तर. चहा तेवढा उगवत नाय."

सहलीला आठ-दहा जण असत. आम्ही दोघे-तिघे मास्तर, कचेरीतले कारकून, दवाखान्याचे कंपाउंडर. कंपाउंडर बाटल्या पुरवत म्हणून त्यांना गाडीत खिडकी. वैशाखऱ्याला उतरायचं आणि पुढं पायी. घोलप पुढं, खांद्याला स्टोव्हची पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. कुणी पुढं पळू लागला की मागून आवाज येई, "घाई नाय. पानी कुठं जात नाय."

पाणी सोडून तिथं दुसरं काहीच जात नव्हतं, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नसे.

धबधबे पाच, आणि पाचांना नावं. ती नावं कुठल्या नकाशात नाहीत. ती गोदाकाकूंनी, म्हणजे घोलपांच्या बायकोनं, लहानपणी ठेवलेली. काकूंचं माहेर वैशाखऱ्याचं. पहिला धबधबा पोरींचा. उंची फार नाही, पण रुंद, खडकावर पसरून येणारा. गावातल्या पोरी तिथं धुणी धूत आणि म्हशींना पाणी पाजत. घोलप त्याच्याजवळ पोचायच्या आधीच हसायला लागत, कारण तिथं त्यांना एक गोष्ट सांगायची असे. ती आम्ही दर वर्षी ऐकली.

बाजारात फुकट वाटलेली एक पुडी काकूंच्या वडिलांनी घरी नेली आणि मुलीच्या हातात दिली. आमच्याकडं भारंगीची भाजी करतात. पाला कडू असतो, म्हणून आधी उकडायचा, पहिलं पाणी फेकून द्यायचं, पाला पिळून घ्यायचा आणि मग फोडणीला टाकायचा. काकूंनी चहाची पत्ती तशीच केली. काळं पाणी उकिरड्यावर, पत्ती लसूण-मिरचीच्या फोडणीत. चार दिवसांनी चहा कितपत रुजला हे पाहायला घोलप त्या घरी गेले, तर वडिलांनी त्यांना जेवायलाच बसवलं. भाकरीवर काळी भाजी. पहिल्या घासाला त्यांनी आपली कंपनी ओळखली.

"मग?" कुणीतरी विचारायचंच असे.

"मग काय. पोरगी दाराआडून बघत व्हती. दोनदा मागून घेतली."

"आणि?"

"तीन राती झोप नाय. लोक म्हनाले पोरीपायी, मी म्हनतो पत्तीपायी. चवथ्या दिवशी मागनी घातली."

एवढं सांगून ते टोपीनं डोळे पुसत आणि पहिली बाटली भरत.

दुसरा धबधबा चढाचा. तिथं पोचायला सरळ उभी पायवाट. वर आलं की घोलप एका ठरलेल्या दगडावर बसत आणि डावा गुडघा दोन्ही तळव्यांनी चोळत राहत. तिसरा देवाचा. पाण्याच्या पडद्यामागं शेंदूर लावलेला एक दगड आहे, वारा आला आणि पडदा हलला की क्षणभर लाल दिसतो. घोलप टोपी काढून काखेत धरत आणि ती बाटली भरून होईपर्यंत परत घालत नसत. चौथा बहिरा. तो एका अरुंद घळीत कोसळतो आणि त्याचा आवाज कानांत नव्हे, छातीत ऐकू येतो. तिथं बोलायचं तर ओरडावं लागे. घोलप ओरडत, आणि पुढं अर्धा मैल, जिथं पाखराचाही आवाज नसे, तिथंही ओरडतच चालत.

प्रत्येक ठिकाणी आम्हाला चहा मिळे, त्याच धबधब्याच्या पाण्याचा. झाकणावर टॉवेल, टॉवेलवर हात नाही. मग घोलप एकेकाकडं आशेनं बघत. "फरक कळतो का?" कंपाउंडर म्हणत, "तर." कारकून म्हणत, "किंचित." मी काही बोलत नसे. खरं म्हणजे त्या स्टोव्हला कुठंतरी गळती होती आणि पाचही चहांना रॉकेलचा वास येई.

पाचवा उलटा. त्याच्याविषयी मला नीट लिहिता आलं पाहिजे, आणि येईल असं वाटत नाही.

झाडी संपते आणि एकदम कडा समोर येतो. मान पूर्ण मागं टाकली तरी वरची कड दिसत नाही, कारण ती ढगात असते. त्या काळ्या भिंतीवरून पाणी उतरत असतं. एक मोठी धार आणि दोन्ही बाजूंना मोजता न येणाऱ्या बारीक धारा. वर ढग, खाली धुकं, म्हणून पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते समजत नाही. मग खालच्या दरीतून वारा सुटतो. मोठी धार मध्यावर थांबते. थांबते, वाकते आणि वर जायला लागते. एवढं पाणी, कसलाही आवाज न करता, वर. कड्याच्या माथ्यावरून ते फवारा होऊन आकाशात उडतं आणि थोड्या वेळानं आपल्या अंगावर पावसासारखं पडतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हातातली छत्री मिटली. का मिटली ते सांगता येत नाही. छत्री धरून उभं राहणं बरं वाटेना. मागं वळून पाहिलं तर सगळ्यांनीच मिटल्या होत्या.

घोलप तिथं एक शब्द बोलत नसत. दिवसभर ज्यांचं तोंड थांबलेलं नसे ते घोलप बाटली भरत, खडकावर बसत आणि गप्प. एकदा एका नव्या कारकुनानं विचारलं, "हा किती फूट असेल हो?" घोलपांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. पुढच्या वर्षी तो कारकून सहलीत नव्हता.

काकूंना हे पाहून बारा वर्षं झाली होती. संधिवातानं त्यांचे दोन्ही गुडघे धरले होते. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत त्या भिंतीला धरून येत, त्यापुढं नाही. माहेरी कुणी उरलं नव्हतं. आईवडील गेले, भाऊ गिरणीत जाऊन तिकडचाच झाला. घोलप म्हणत, "मानसं ऱ्हायली नाय. पानी ऱ्हायलंय. तेवढं मी आनतो."

म्हणून त्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या पडवीत खरा कार्यक्रम असे. काकू खाटेवर उशीला टेकून. घोलप आत चुलीपाशी स्टोव्ह पेटवून प्रत्येक बाटलीचा वेगळा चहा करत आणि मुद्दाम क्रम मोडून एकेक कप बाहेर आणत. काकू दोन घोट घेत, आढ्याकडं बघत आणि नाव सांगत. घोलप पाठीमागं लपवलेली बाटली उलटी करून तळाचे ठिपके दाखवत. बारा वर्षांत काकू एकदाही चुकल्या नव्हत्या.

"बघा मास्तर," घोलप म्हणत, "मळ्यावरच्या साहेबाला तोंडात घोळवून थुंकावं लागे. ही सरळ गिळते आन सांगते. कंपनीत असती तर साहेबाच्या वर बसली असती."

"मंग तुमाला कामावरनं काढलं असतं," काकू म्हणत.

माझ्या चौथ्या सहलीला घोलपांनी मला मान दिला. परत येताना बाटल्यांची पिशवी माझ्या मांडीवर आली. त्या वर्षी उलट्यानं आम्हाला तासभर धरून ठेवलं होतं, आम्ही चिंब होतो आणि थकलो होतो. गाडीत मला डुलकी लागली. मुरबाडला उतरलो तेव्हा माझं धोतर मांडीपाशी जरा जास्तच ओलं वाटलं. पिशवीत हात घातला तर पाचवीचं बूच निघालेलं आणि बाटलीत जेमतेम अर्धा डोस.

घोलप पुढं ड्रायव्हरशी बोलत उभे होते. सांगायला हवं होतं. पण त्यांनी गेल्या बारा वर्षांत ती पिशवी दुसऱ्या कुणाच्या मांडीवर दिली नव्हती. आणि घरी काकू सकाळपासून वाट पाहत होत्या. त्यांच्या माहेरचं वर्षातून एकदा येणारं सगळ्यांत मोठं पाणी मी झोपेत धोतरावर सांडलं होतं. मी स्टँडाजवळच्या हॉटेलात शिरलो, पाण्याच्या पिंपातून बाटली सहाव्या डोसापर्यंत भरली, बूच घट्ट बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चोरासारखा बाहेर आलो.

संध्याकाळी पडवीत बसलो. काकू ओळखणार, घोलप बाटली उलटी करणार, आणि मग काय होणार ते माझ्यापुढं स्पष्ट दिसत होतं.

पहिला कप आला. घोलप दारातूनच ओरडले, "घे गो, गरम हाय." काकूंनी दोन घोट घेतले. "बहिरा." बाटलीला चार ठिपके. दुसरा कप आला, काकू म्हणाल्या, "देवाचा." तीन ठिपके. मग चढाचा. मग घोलप कप घेऊन आले, तो खाटेच्या कडेला ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी जमिनीकडं पाहू लागलो.

काकूंनी घोट घेतला. आणखी एक घेतला. आढ्याकडं पाहत राहिल्या.

"उलटा," त्या म्हणाल्या. "यंदा वारा मोप व्हता, नाय?"

घोलपांनी नुसती मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की काकूंनी आत्ता हॉटेलच्या पिंपाला सह्याद्रीवरून उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी घोलप बाजारात गेल्यावर कुडापलीकडून हाक आली. "मास्तर, जरा येता का?"

काकू खाटेवर वाल सोलत होत्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. "उलट्याच्या टायमाला खाली का बघत व्हता?"

मी सगळं सांगितलं. बूच, धोतर, हॉटेल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एक सोललेला वाल वाटीत टाकला. "तरी म्हनलं, रॉकेलबरोबर भज्यांचा वास कशापायी येतोय."

"मग तुम्ही उलटा कसा म्हणालात?"

"चवीचं काय वो. समद्याला त्या स्टोवचा वास. तुमाला कळतो का फरक?"

"नाही."

"मलाबी नाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "चढाचा कप द्येताना ते गुडघा चोळतात. देवाचा आनला की डोईवर टोपी नसते. बहिऱ्याला वरडतात. पोरींचा आनताना आतूनच हसत येतात. आन उलट्याला बोलतच नाय. चहा करता करता ते तिथं जातात. मी तेंच्याकडं बघते आन तिथं जाते."

दिवसभर कडा पाहून आलेल्या माणसाला खाटेवर बसलेल्या बाईसमोर पुन्हा छत्री मिटावीशी वाटावी, तसं काहीतरी झालं.

"त्यांना सांगितलं नाहीत कधी?"

"पैल्या वर्साला सांगनार व्हते. पन लई खूश झाले वो. आता बारा वर्सं वळखत आलेय, एकदम कसं सांगू?" मग वाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुमीबी सांगू नका. आन पुढच्या वर्साला गाडीत जागे ऱ्हा."

पुढची दोन वर्षं मी जागा राहिलो. संध्याकाळी पडवीत बसून मी चहाकडं नव्हे, घोलपांकडं पाहत असे. काकू म्हणाल्या होत्या त्यात काडीचाही फरक नव्हता. हात गुडघ्यावर जाई, टोपी उतरे, आवाज चढे, आणि त्या माणसाला त्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

पौषात काकू गेल्या. चार दिवस ताप आला, एवढंच. घोलप रडल्याचं मी पाहिलं नाही. कुडाच्या भिंतीपलीकडून मात्र काही ऐकू येईनासं झालं. माझी पानं किती झाली हे कुणी सांगेनासं झालं. मी मोठ्यानं वाचू लागलो, उगाच, पलीकडं काहीतरी पोचावं म्हणून.

श्रावण आला तेव्हा त्यांनी सहलीचं कुणाला विचारलं नाही. मी विचारणार होतो, पण शाळेच्या पायरीवर माझा पाय मुरगळला आणि मी खोलीत अडकलो. रविवारी पहाटे पलीकडचं दार वाजलं आणि बाटल्यांचा ओळखीचा किणकिणाट रस्त्यानं दूर गेला. घोलप एकटे गेले होते.

संध्याकाळी ते सरळ माझ्या दारात आले. अंगावर ओले कपडे, खांद्याला स्टोव्ह, हातात पिशवी. टोपीही ओली. आत येऊन बसले आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मास्तर, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"तिकडं आज पाची ठिकानी चहा केला. एकट्यानं. समदे सारखे लागले. मी इतकी वर्सं कंपनीत, मळ्यावर महिना काढला, पन मला फरक कधी कळलाच नाय. मनात म्हनायचो, आपली जीभ जाड, तिची बारीक. आज वाटेत मनात आलं, फरक नसंलच तर? ती माझं मन राखायला कायतरी बोलत असंल तर? मग मी एवढी वर्सं तिला माहेराला नेलंच नाय. नुसतं रॉकेलचं पानी पाजलं."

काकूंना दिलेला शब्द माझ्यापाशी होता.

"तुमी चाखा," घोलप म्हणाले. "तुमी शिकलेले. दर साल आमच्याबरोबर आलाय. निदान एक तरी वळखता आला, तर म्हनेन फरक हाय."

त्यांनी माझ्याच चुलीपाशी स्टोव्ह पेटवला. "उकळी आली की पत्ती," मी पाठमोऱ्या घोलपांचं पुटपुटणं ऐकलं. पुढचं ऐकू आलं नाही.

पहिला कप त्यांनी माझ्या हातात दिला आणि समोर बसले. मी घोट घेतला. रॉकेल. मी त्यांच्याकडं पाहिलं. चेहरा कोरा होता. हात मांडीवर, टोपी डोक्यावर. गेले सात महिने हा माणूस गप्पच होता. आता या गप्प बसण्यातून मी उलटा कसा ओळखायचा? मी दुसरा घोट घेतला, आणि काकू बघत तसा आढ्याकडं पाहू लागलो, म्हणजे वेळ जाईल. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. डावा हात हळूच खाली गेला आणि गुडघा चोळू लागला.

"चढाचा," मी म्हणालो.

त्यांनी बाटली उलटी केली. दोन ठिपके. ते त्या ठिपक्यांकडं पाहत राहिले, मग उठले.

पुढचा कप घेऊन ते आले तेव्हा टोपी काखेत होती. "देवाचा." तीन. त्यापुढचा कप माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "साखर झाली का बराबर?" खोली दहा फुटांची, पण रस्त्यावरचा माणूस वळून पाहील असा आवाज. "बहिरा," मी म्हणालो. चौथ्या वेळी ते माझ्या शेजारी बसले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. तीही शांतताच होती, पण सात महिन्यांच्या शांततेपेक्षा वेगळी. तिच्यात कडा होता. मला तो दिसला. वर जाणारं पाणी दिसलं, आणि मी कप खाली ठेवला.

"उलटा."

या वेळी त्यांनी ठिपके दाखवले नाहीत.

आता एकच उरला होता आणि तो कुठला हे शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. तरी मी श्वास धरून बसलो, कारण मला चहाची काळजी नव्हती. घोलप चुलीपाशी पाठमोरे होते. पत्तीवर झाकण बसल्याचा आवाज आला. झाकणावर टॉवेल. मग बराच वेळ काही नाही. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, आता रडतील, आणि मी दुसरीकडं बघू लागलो. पण ते वळले तेव्हा त्यांच्या हातातला कप बशीत वाजत होता आणि ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तीन राती," ते म्हणाले, "तीन राती झोप नाय वो."

"पोरींचा," मी म्हणालो.

त्यांनी टोपीनं डोळे पुसले. पाचही बाटल्या ओळीनं जमिनीवर मांडल्या, एक दोन तीन चार पाच, आणि हात टेकून त्यांच्याकडं पाहत राहिले.

"चवीनंच वळखलंत ना?"

"चवीनंच."

"मग तिलाबी कळत व्हतं," घोलप म्हणाले. दिव्याकडं पाहून, स्वतःशीच त्यांनी पुन्हा म्हटलं, "तिला कळत व्हतं."

माझ्या हातातला कप निवत चालला होता. मी तो तोंडाला लावला तसं त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश प्या मास्तर. घाई नाय."

मी सावकाश प्यालो. रॉकेलचा वास होता. तळापर्यंत प्यालो.